दुसरीतलं मतलेखन: प्रकल्पाच्या नोंदी

३ जुलै

आराखडा आज पक्का झाला. वर्ग दुसरीचा, मुलं सात-आठ वर्षांची, मुदत ऑगस्टच्या मध्यापर्यंत, आठवड्याला तीन तासिका. शेवटी प्रत्येक मुलानं एक मत आणि त्या मताला धरून असलेलं कारण स्वतःच्या हातानं लिहायचं. ब तुकडीच्या बाईही त्यांच्या वर्गात हेच घेणार आहेत. दोघींनी वह्या अदलाबदल करून बघायच्या असं ठरलं, कारण आपल्याच मुलांचं लिखाण वाचताना न लिहिलेलंही आपल्याला वाचता येतं.

अपेक्षा कुठवर ठेवायची हे ठरवायला अमेरिकेतली २०१० ची कॉमन कोअर मानकं, म्हणजे कुठल्या इयत्तेत मुलाला काय यावं याची यादी, चाळली. त्यांची चढण पटली. पहिलीत मत आणि एक कारण. दुसरीत एकाहून जास्त कारणं, ती जोडणारे शब्द आणि शेवटाला एखादं वाक्य. पाचवीपर्यंत त्याला 'मत'च म्हणतात, 'युक्तिवाद' येतो तो सहावीपासून. म्हणजे विरुद्ध बाजू खोडून काढणं वगैरे आपण लेखी मागायचं नाही. बोलण्यात आलं तर उत्तमच.

माझा अंदाज आत्ताच लिहून ठेवते, म्हणजे नंतर सोयीनं फिरवता येणार नाही. मुलांकडे मतांचा तुटवडा नाही. मधल्या सुट्टीत कुठल्याही खेळाजवळ उभं राहा, कोण आउट आणि कोण नाही यावर केवढी मतं आणि केवढी कारणं ऐकू येतात! हीच मुलं वही उघडली की गप्प होतात. मैदानावर समोरचा मानत नसतो, म्हणून कारण द्यावंच लागतं. वही कधीच "का म्हणून?" असं विचारत नाही. तेव्हा आधी न मानणारा माणूस उभा करायचा, लेखनाचं तंत्र मागाहून.

७ जुलै

सुरुवातीचा नमुना घेतला. काहीही न शिकवता फळ्यावर प्रश्न लिहिला: पाळायला सगळ्यात चांगला प्राणी कुठला, तुला काय वाटतं?

निम्म्याहून जास्त वह्यांत पाठ केलेला निबंध उतरला. "कुत्रा हा इमानी प्राणी आहे. त्याला चार पाय, दोन डोळे व एक शेपूट असते." एरवी 'आहे'ला 'हाय' म्हणणारं मूलसुद्धा इथे 'व' लिहितं. मत नाही, कारण नाही, शेपटी मात्र मोजलेली. दुसरा प्रकार गोल गोल फिरणारा: "मला मांजर आवडते कारण मला मांजर आवडते." तिसरा कुणालाच न दुखावणारा: "कुत्रा चांगला. मांजर चांगली. ससा पण चांगला." या मुलीनं शेवटी "सगळे चांगले" असं लिहून खाली फूल काढलं.

आणि एक वही अशी: "पाल. कारण ती घरात आधीच असते."

एक ओळ, त्यातही 'आधीच' चुकलेलं. पण सगळ्या वर्गात कारण म्हणावं असं कारण हेच. मुलांची नावं मी नोंदीत लिहीत नाही, खुणेपुरती टोपणनावं देते. हा आजपासून 'पालवाला'. फूल काढणारी 'समेट'.

९ जुलै

मत कशाला म्हणायचं, यावरचा तास. 'तथ्य' हा शब्द दुसरीत जड जातो, म्हणून दोन खोकी केली. एकावर लिहिलं "तपासून ठरतं", दुसऱ्यावर "ज्याचं त्याचं". मुलांनी वाक्यांच्या चिठ्ठ्या योग्य खोक्यात टाकायच्या.

"आपल्या वर्गाला दोन दारं आहेत" आणि "निळा रंग सगळ्यात छान" ही सरळ गेली. अडलं ते "शहामृग उंच उडतो" या चिठ्ठीवर. जवळजवळ सगळ्यांनी ती "ज्याचं त्याचं"मध्ये टाकली, कारण ते वाक्य खोटं आहे. म्हणजे मुलांच्या डोक्यातली वाटणी अशी होती: खरं ते माहिती, खोटं ते मत. ही वाटणी पहिल्याच आठवड्यात मोडलेली बरी. विचारलं, "शहामृग उडतो की नाही हे कसं कळेल?" "बघून." "मग हे तपासता येतं की नाही?" येतं. तपासलं आणि चुकीचं निघालं, तरी खोकं तेच राहतं. मग निळ्या रंगाकडे वळलो. तो सगळ्यात छान आहे का, हे बघून ठरेल का?

यावर एकानं हात वर करून अगदी कळवळून सांगितलं, "बाई, पण माझं मत खरंच खरं आहे." ज्याला ते मत आहे, त्याला ते खरंच वाटणार. हसण्यावारी नेलं नाही. म्हटलं, "तुला खरं वाटतं ना? आता दुसऱ्याला तसं वाटायला काय सांगशील?" तो विचारात पडला.

११ जुलै

कारण आणि परिणाम यांची गल्लत या वयात किती असते ते बघायचं होतं. मुलांच्या विचारांचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी १९२० च्या दशकात मुलांना अर्धी वाक्यं पूर्ण करायला दिली होती. त्यातलं सायकलवाल्याचं वाक्य प्रसिद्ध आहे: तो माणूस सायकलवरून पडला, कारण... आणि काही मुलं पुढे जोडत की त्याचा हात मोडला.

आज तोंडी तसंच करून बघितलं. आमच्याकडेही "कारण त्याला लागलं" आलं, "कारण तो रडला" आलं, आणि "कारण खड्डा होता" हेही आलं. गंमत म्हणजे ज्या मुलीनं "कारण त्याला लागलं" म्हटलं, तीच दुपारी मला सांगत होती की तिची बाटली सांडली कारण शेजारणीनं धक्का दिला. अगदी बिनचूक कारण! स्वतःवर आलं की बरोबर जमतं, पट्टीवरचं परकं वाक्य पूर्ण करताना घसरतं. म्हणून "कारण म्हणजे काय" अशा कोऱ्या सरावाच्या कार्यपत्रिका काढून टाकल्या. ब तुकडीच्या बाईंना हे फारसं पटलेलं नाही. त्यांच्याकडे त्या चालू राहतील, तुलना आपोआप होईल.

१४ जुलै

मताची रेघ. खडूनं वर्गभर लांब रेघ ओढली. एक टोक "हो, नक्की", दुसरं "मुळीच नाही". वाक्य होतं: वर्गात बसायच्या जागा रोज बदलाव्यात. मुलांनी आपापल्या जागी जाऊन उभं राहायचं.

पहिल्या फेरीत सगळी मैत्रिणी-मित्र बघून उभी राहिली. रेघेवर मतं दिसेनात, दोस्ती दिसायला लागली. दुसऱ्या वाक्याला आधी चिठ्ठीवर हो किंवा नाही लिहून घेतलं, चिठ्ठी मुठीत, मग रेघेवर. लगेच घोळके फुटले. जिवलग जोड्या दोन टोकांना गेल्या आणि एकमेकींकडे चकित होऊन बघत राहिल्या.

पुढचा नियम असा की ज्याला ऐकून पटलं त्यानं जागचं हलायचं. कुणी हलेना. समेटनं विचारलं, "बाई, मत बदललं तर चालतं?" चालतं म्हटल्यावर ती दोन पावलं सरकली आणि जिच्यामुळे सरकली तिच्याकडे बोट दाखवलं. बोलणारीला तेव्हा जे वाटलं असेल, ते मी लाल शाईनं कितीही शेरे दिले तरी वाटणार नाही. त्यानंतर प्रत्येकाला कुणाला तरी हलवायचं होतं. आवाज फार झाला, शेजारच्या वर्गातून निरोप आला.

१६ जुलै

आज फक्त तोंडी. रेघेवर जे म्हटलं ते जोडीदाराला सांगायचं आणि जोडीदारानं एकच प्रश्न विचारायचा: "मग काय?"

हा प्रश्न मुलांना आवडण्याचं उघड कारण म्हणजे तो उद्धट वाटतो आणि बाईंनी परवानगी दिलेली आहे. माझ्यासाठी त्याचं मूळ वेगळं आहे. तत्त्वज्ञ स्टीफन टूल्मिन यांनी १९५८ मध्ये युक्तिवादाचे भाग सोडवून दाखवले. त्यात दावा आणि आधार यांच्यामध्ये दोघांना जोडणारा एक दुवा असतो. तो बहुतेक वेळा न बोललेला राहतो. मुलं नेमका तोच गाळतात, कारण त्यांच्या मते तो सगळ्यांना ठाऊकच असतो. "कासव पाळावं, कारण ते हळू चालतं." मग काय? "मग ते पळून जाणार नाही." हळू चालणं हा आधार खरा, पण तो पाळण्याच्या कामी कसा येतो हे दुसऱ्या उत्तरात आलं. टूल्मिन वर्गात न्यायचे नाहीत. "मग काय?" पुरतो.

एका मुलीनं हा प्रश्न इतक्या वेळा विचारला की जोडीदार रडकुंडीला आला. ही 'वकीलबाई'. दोनदाच विचारायचं असा नियम तिच्यासाठी करावा लागला.

१८ जुलै

सामूहिक लेखन. वाचन कसं शिकवावं याचे अभ्यासक पी. डेव्हिड पिअर्सन आणि मार्गारेट गॅलाघर यांनी १९८३ मध्ये मांडलेला क्रम मी नेहमी धरते. आधी शिक्षक करून दाखवतो, मग दोघं मिळून करतात, मग मूल एकट्यानं करतं. मधला टप्पा आपण फार लवकर उरकतो असं माझं मत आहे, म्हणून आज पूर्ण तास त्याच्यावरच घालवला. मुलं सांगतील, मी फळ्यावर लिहीन, आणि लिहिताना मोठ्यानं अडखळेन: "हे वाक्य आधी घेऊ की नंतर? हे दोनदा आलं का?"

पालवाल्यानं फळ्यावरचं शेवटचं वाक्य खोडायला लावलं. "तेच तर वर लिहिलंय." बरोबर होतं.

२१ जुलै

विषय ठरवायचा होता. ब तुकडीत "मोबाईल चांगला की वाईट" घेतला आहे. मला ते नको, कारण त्याचं उत्तर काय द्यायचं असतं हे मुलांना आधीच माहीत आहे. मोठ्यांना आवडेल ते लिहायची सवय या वयात पक्की झालेली असते. गेल्या वर्षीच्या वह्यांत वाचनावरच्या प्रत्येक पानाचा शेवट "वाचाल तर वाचाल" असा होता, आणि तो लिहिणाऱ्यांत पुस्तकाला हात न लावणारेही होते.

म्हणून प्रश्न असा हवा की ज्यात बाईंना काय हवंय ते मुलांना ओळखता येणार नाही, दोन्ही बाजू खऱ्या असतील, पुरावा मुलांच्या डोळ्यांसमोर असेल आणि ठरेल ते प्रत्यक्षात येईल. फार शोधावं लागलं नाही. आमची गोष्टीची तासिका दिवसात शेवटची असते. ती पहिली करावी की शेवटचीच राहू द्यावी? वेळापत्रक बदलणं माझ्या हातात नाही, ते मुख्याध्यापिकांच्या हातात. तेच हवं होतं. मॅडमना भेटून विचारलं, तुम्ही पत्रं वाचाल का, आणि पटलं तर बदलाल का? त्या म्हणाल्या, "वाचेन. पटलं तर बदलेन. न पटलं तर तसं लिहीन." याहून चांगला वाचक मिळायचा नाही.

मुलांना सांगितल्यावर वर्ग सरळ दोन गटांत फुटला. माझं मत काय ते विचारून बघितलं, मी सांगितलं नाही.

२३ जुलै

पहिला कच्चा खर्डा. आज जे दिसलं ते सविस्तर लिहिते, कारण प्रकल्पाचा कस इथे लागला.

मागच्या बाकावरचा एक मुलगा. लिहिण्याआधी मी शेजारी बसले आणि नुसतं बोलू दिलं. तो म्हणाला, "शेवटच्या तासाला सगळ्यांचं लक्ष दप्तराकडे असतं. कोण डबा कोंबतो, कोण चेन ओढतो. मग गोष्ट कोण ऐकणार?" उत्तम. म्हटलं, हेच लिही. मी वर्गात फेरी मारून परत आले तेव्हा वहीत होतं: "शेवटी गोष्ट छान नाही."

बाकीचं कुठे गेलं? बराच वेळ तो काही बोलला नाही. मग 'लक्ष'वर बोट ठेवून, म्हणजे वहीत ते नव्हतंच, हवेत बोट ठेवून म्हणाला, "तो क्ष येत नाही." 'दप्तर'मधल्या जोडाक्षराचीही तीच कथा. 'छान' लिहिता येतं, म्हणून 'छान' लिहिलं.

मग सगळ्या वह्या याच नजरेनं पुन्हा चाळल्या. 'छान', 'मजा', 'चांगलं', 'बरं' यांचा सुळसुळाट, आणि एकातही जोडाक्षर नाही. 'चांगलं'वरचा अनुस्वार तर अर्ध्या जणांनी सोडूनच दिलेला. जी कारणं आपण पोकळ म्हणून शेरा मारून परत देतो, त्यातली कितीतरी पोकळ नसतात. विचार तयार असतो, पण अक्षर जुळवणं, ओळ सरळ ठेवणं, पेन्सिल धरणं यातच मुलाची सगळी ताकद जाते आणि विचार लिहिता येईल तेवढा छाटला जातो.

दोन बदल लगेच केले. एक, खर्ड्यात शुद्धलेखन बघायचं नाही. 'लक्श' चालेल, 'लक' चालेल, तुला वाचता आलं म्हणजे झालं. दोन, बोलताना मुलाच्या तोंडून आलेला अवघड शब्द मी पट्टीवर लिहून त्याच्या बाकावर ठेवायचा. फळ्यावर सगळ्यांसाठी शब्दसूची लावायची नाही, कारण मग सगळे तेच शब्द उचलतात. ज्याचा शब्द त्याला.

त्या मुलाला 'लक्ष' आणि 'दप्तर' अशा दोन पट्ट्या दिल्या. तासाच्या शेवटी तीन ओळी झाल्या होत्या आणि चेन ओढणारा मुलगाही त्यात आला होता.

२५ जुलै

ब तुकडीच्या वह्या बघितल्या. त्यांनी चौकट दिली आहे: मत, कारण, उदाहरण, पुन्हा मत. "मला वाटतं ____, कारण ____" अशा छापील ओळी. नीटनेटकं दिसतं. ज्या मुलांना कुठून सुरू करावं ते कळत नव्हतं, ती त्यामुळे सुरू झाली हे कबूल. माझ्या वर्गातही चार-पाच जणांना ती पट्टी देणार आहे.

पण ओळीनं दहा वह्या वाचल्यावर कुणाची कुठली ते कळेना. आणि शेवटची ओळ सगळ्यांत "म्हणून मला वाटतं" अशी येऊन पहिल्या ओळीची नक्कल करते.

२८ जुलै

आज ब तुकडीच्या बाईंशी मनापासून वाद झाला. पालवाल्याचा दुसरा खर्डा असा आहे, शुद्धलेखन सुधारून उतरवते: "गोष्ट पहिल्या तासाला घ्या. शेवटच्या तासाला घंटा होते आणि राक्षस तसाच राहतो. मग मला रात्रभर राक्षस."

त्यांच्या तपासणी-यादीत दोन खुणा आहेत: 'मला वाटतं' आहे का, 'कारण' आहे का. इथे दोन्ही नाहीत. त्यांच्या मते मुलानं साचा शिकलाच नाही, पुढच्या इयत्तेत अडेल. माझ्या मते यात मत आहे, कारण आहे, कारणाचा परिणामही आहे, आणि "मग काय?" विचारायची सोयच ठेवलेली नाही. 'कारण' शब्द शोधणारी यादी "मला गोष्ट आवडते कारण गोष्ट आवडते" याला दोन्ही खुणा देईल आणि राक्षसाला शून्य. मोजायचं असेल तर शब्द मोजू नये, नातं बघावं.

त्यांचा एक मुद्दा मात्र वजनदार होता. पालवाल्याला न शिकवता जमतं, म्हणून इतरांना जोडशब्द शिकवायचे नाहीत असं होत नाही. 'कारण', 'म्हणून', 'शिवाय', 'पण' ही हत्यारं हातात असावीत. हे मान्य. परवा जोडशब्दांचा छोटा तास घेते, पण मुलांच्याच खर्ड्यांतली वाक्यं घेऊन.

यादीत आता तीनच प्रश्न ठेवले आहेत, दोघींनी मिळून. मत काय ते कळतं का? कारण त्याच मताला धरून आहे का? ज्याला हे पटलेलं नाही त्याच्या उपयोगाचं काही आहे का? मत कुठल्या बाजूचं आहे याला गुण नाहीत. हे यादीत लिहायची गरज नव्हती, तरी लिहिलं.

३० जुलै

जोडशब्द. वाक्यं कापून, मधली चिठ्ठी बदलून वाचली. झाला तास.

'कारण की' असं बरीच मुलं लिहितात. बोलतात तसं लिहितात. सध्या राहू दिलं.

४ ऑगस्ट

पुराव्याचा आठवडा. "गोष्ट नेहमी अर्धी राहते" असं पहिल्या तासवाल्यांचं म्हणणं. "नेहमी नाही, कधीकधी" असं शेवटच्या तासवाल्यांचं. वकीलबाईनं सुचवलं, मोजू या. भिंतीवर तक्ता लावला: रोज घंटेच्या वेळी गोष्ट संपली होती का? एका बाजूचा एक आणि दुसऱ्या बाजूची एक, अशा दोघांनी मिळून खूण करायची, म्हणजे लबाडी नको.

आज पहिलीच खूण करताना भांडण झालं. गोष्ट संपली होती, पण चित्रं दाखवायची राहिली होती. संपली म्हणायचं का? वर्गानं ठरवलं, चित्रं हा गोष्टीचा भाग आहे. काय मोजायचं ते आधी ठरवावं लागतं, हे मला शिकवावं लागलं नाही.

६ ऑगस्ट

जोड्या लावून वाचन, पण समोरच्या बाजूचा जोडीदार. आपल्याच बाजूचा असला की "मस्त" म्हणून वही परत करतो, काही उपयोग होत नाही. जोडीदारानं फक्त दोन गोष्टी करायच्या: पटलेल्या वाक्याखाली रेघ, न पटलेल्या वाक्याशेजारी प्रश्नचिन्ह. बोलून सल्ले द्यायचे नाहीत.

समेटची अडचण होती. तिला दोन्ही बाजू पटतात. तिला बळेच एका बाजूला ढकलायचं मनात नव्हतं. विचारलं, "दोन्ही पटतात तर मॅडमना काय करायला सांगशील?" बराच वेळ पेन्सिलीचं टोक चावून तिनं लिहिलं: "काही दिवस पहिला आणि काही दिवस शेवटचा. सकाळी उशिरा येणाऱ्यांची गोष्ट बुडते. संध्याकाळी सगळ्यांची अर्धी राहते. रोज एकाचंच नुकसान नको." महिन्यापूर्वी हीच मुलगी "सगळे चांगले" लिहून फूल काढत होती. अजूनही ती कुणाला दुखवत नाही, पण आता का नाही ते सांगते. उशिरा येणाऱ्यांचा मुद्दा वर्गात दुसऱ्या कुणालाच सुचला नव्हता.

८ ऑगस्ट

तक्ता भरला. पाचपैकी तीन दिवस गोष्ट राहिली. पहिल्या तासवाल्यांनी तो आकडा पत्रात घातला. शेवटच्या तासवाल्यांनी "दोन दिवस पूर्ण झाली" असं घातलं. आकडा एकच, आणि दोघंही खोटं बोलत नाहीत! यावर पुढच्या वर्षी अख्खा तास घ्यायला हवा.

पक्की प्रत लिहून घेतली. आता शुद्धलेखन बघितलं, कारण आता परक्या माणसाला वाचायचं आहे आणि ते मुलांनाही पटतं. 'लक्श'चं 'लक्ष' झालं. पत्रं मॅडमकडे गेली.

११ ऑगस्ट

मॅडमचं उत्तर आलं, वर्गाच्या नावानं, एक पान. त्यांनी सहा पत्रांतल्या ओळी उतरवल्या आहेत आणि प्रत्येकीखाली एक-दोन वाक्यं लिहिली आहेत. राक्षसाखाली: "हे मला माहीत नव्हतं." वकीलबाईच्या पत्रातल्या "सगळ्यांना असंच वाटतं" या वाक्याखाली: "सगळ्यांना विचारलंस का?" वकीलबाई लाल झाली, मग म्हणाली, "नाही विचारलं." निर्णय असा: महिनाभर दोन दिवस पहिली तासिका, तीन दिवस शेवटची, आणि तक्ता चालू ठेवायचा.

दोन्ही बाजू नाराज. एकानं विचारलं, "आमचं पूर्ण ऐकलं नाही, तर मग लिहिलं कशाला?" प्रश्न रास्त आहे. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातलं कलम १२ मुलांना त्यांच्याशी संबंधित गोष्टींत मत मांडण्याचा हक्क देतं आणि त्या मताला वय आणि समज बघून वजन द्या असंही सांगतं. मुलांचं म्हणणं जसंच्या तसं अंमलात आणा, असं सांगत नाही. कलमाचा आकडा मुलांना सांगितला नाही. उत्तराचं पान वर्गात फिरवलं आणि विचारलं, "तुमच्या पत्रांमुळे मॅडमनी काय बदललं ते शोधा." त्यांनी तीन गोष्टी शोधल्या. विचारणाऱ्याचं त्यानं समाधान झालं नाही, आणि व्हायलाच हवं असंही नाही.

१३ ऑगस्ट

आवरासावर. सुरुवातीचा नमुना आणि पक्की प्रत शेजारी ठेवून वह्या बघितल्या. नुसती माहिती लिहिणारं आता कुणी उरलं नाही. तिघांची कारणं अजून मताला धरून नाहीत. त्यांच्याशी फक्त तोंडी काम चालू ठेवायचं, लेखी नको. ब तुकडीत साचा पक्का झाला आहे आणि तिथली अडखळणारी मुलं माझ्या अडखळणाऱ्या मुलांपेक्षा पुढे आहेत, हेही लिहून ठेवायला हवं. पुढच्या वेळी पट्टी पहिल्या आठवड्यातच देऊन तिसऱ्यात काढून घ्यावी, असं दोघींचं ठरलं.

दोन्ही खोकी कपाटात ठेवायला गेले तर "ज्याचं त्याचं" या खोक्यात एक नवी चिठ्ठी निघाली, नाव नसलेली. "मधली सुट्टी लहान आहे. मी मोजली." हिची जागा दुसऱ्या खोक्यात. मोजली कशानं, आणि कुठल्या घंटेपासून कुठल्या घंटेपर्यंत, हे उद्या वर्गात विचारायचं आहे.